पॅकेज आहे, पण लाखांतलं नाही!

प्रोजेक्टची झिप फाइल पेनड्राइव्हमध्ये ठेवूनही डिग्री मिळते. पण तोच कोड जगातल्या कुणालाही एका ओळीत वापरता यावा, यासाठी काय लागतं? आणि ते काम मशीनवर सोपवलं, तर चावी कुणाच्या हातात राहते?

‘पॅकेज किती?’ हा प्रश्न शेवटच्या वर्षात शेजारच्या काकूंपासून एसटीत भेटलेल्या मामांच्या मित्रापर्यंत कुणीही विचारतं. आज आपण ज्या पॅकेजबद्दल बोलणार आहोत, त्यात मात्र एक रुपयाही नाही. पण ते तुमच्या नावावर असेल, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना जरा ताठ मानेनं बसता येईल.

आधी तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊ. प्रोजेक्टच्या ग्रुपवर ‘फायनल.झिप’ आहे. त्याखाली ‘फायनल_नवीन.झिप’. मग ‘फायनल_फायनल_२’. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकराला ‘हीच घ्या रे.झिप’. यातली खरी कुठली, हे ग्रुपमधल्या चौघांपैकी एकालाच माहीत असतं आणि तो नेमका फोन उचलत नाही. हसू नका, मोठमोठे प्रोग्रॅमरही कित्येक वर्षं याच चालीनं काम करत होते. फरक इतकाच, की त्यांच्या झिपवर लाखो लोक अवलंबून होते.

कोडचं मार्केट यार्ड

पायथॉन शिकताना तुम्ही ‘पिप इन्स्टॉल’ लिहून पुढे एखादं नाव टाकता आणि काही सेकंदांत तयार कोड तुमच्या लॅपटॉपवर येतो. तो येतो पायपीआय नावाच्या भांडारातून. पायथॉनचं हे भांडार २००३ पासून सुरू आहे. जावास्क्रिप्टवाल्यांचं असंच भांडार म्हणजे एनपीएम, ते २०१० मध्ये सुरू झालं. आपला कोड नीट बांधून, त्यावर नाव आणि व्हर्जन नंबर लिहून या भांडारात ठेवायचा. त्या बांधलेल्या गाठोड्याला म्हणायचं पॅकेज.

बार्शीच्या किंवा वैरागच्या बाजारात माल येतो, तसंच हे यार्ड समजा. कुणीतरी पोतं आणून ठेवतं, दुसरा कुणी उचलून नेतो, दोघांची एकमेकांशी ओळखही नसते. इथे पैसे मात्र द्यावे लागत नाहीत. आणि एकच पोतं एकाच वेळी लाख जण नेऊ शकतात.

गंमत अशी, की तुमचं छोटंसं अ‍ॅपसुद्धा अशा डझनावारी पॅकेजेसवर उभं असतं. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरनं वादातून आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज होतं. काम काय, तर अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा भरणं. त्या ११ ओळी गेल्या आणि जगभरातले कितीतरी प्रोजेक्ट बिल्ड होईनात! शेवटी एनपीएमला ते पॅकेज परत आणावं लागलं आणि पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक करावे लागले.

‘नव्याण्णव’ची गोष्ट

आता समजा, तुम्ही एक छोटं पॅकेज करायचं ठरवलं. पावतीवर ‘अक्षरी रुपये’ अशी ओळ असते ना? आकडा द्या, मराठी शब्द मिळवा. सोपं वाटतं, पण मराठीत शंभरपर्यंत जवळपास प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द आहे. तुम्ही हुशारी करून नियम लिहिता: शेवटी नऊ आला, की पुढच्या दशकाच्या आधी ‘एकोण’ लावायचं. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणनव्वद... सगळं झकास. आणि मग ९९ ला प्रोग्रॅम छापतो ‘एकोणशंभर’!

चूक दुरुस्त केली. आता नवी आवृत्ती भांडारात टाकायची. हातानं टाकायची तर यादी बघा: सगळ्या चाचण्या चालवायच्या, व्हर्जन नंबर वाढवायचा, काय बदललं ते लिहायचं, गाठोडं बांधायचं, लॉगिन करायचं, अपलोड करायचं, कोडमध्ये त्या ठिकाणी टॅग लावायचा. सात पायऱ्या. दिवसा, जेवून-खाऊन बसलात तर जमतं. रात्री दीड वाजता एखादी पायरी राहतेच. चाचणी न चालवताच फाइल जाते, किंवा दुरुस्त केलेला कोड लॅपटॉपवरच राहतो आणि जुनाच वर जातो.

आणि पायपीआयचा एक नियम पक्का आहे: एकदा टाकलेली फाइल तुम्ही पुसली, तरी त्याच नावाची, त्याच नंबरची फाइल पुन्हा टाकता येत नाही. पावतीबुकातली फाडलेली पावती जशी परत चिकटवता येत नाही, तसंच. चुकलात तर पुढचा नंबर घ्यायचा. आजपासून ‘फायनल_फायनल_२’ बंद!

नंबरांचंही एक व्याकरण आहे. १.०.० हे पहिलं व्हर्जन. ‘नव्याण्णव’ची चूक दुरुस्त केली, की १.०.१. पैसेही अक्षरी लिहायची सोय नव्यानं दिली, की १.१.०. आणि जुना वापर मोडेल असा बदल केला, तर थेट २.०.०. म्हणजे नंबर पाहूनच समोरच्याला कळतं, की डोळे झाकून अपडेट करायचं की आधी वाचायचं.

मंगळवारची गाडी

या सात पायऱ्या मशीनकडून करून घेणं म्हणजेच पॅकेज पब्लिशिंगचं ऑटोमेशन. तुम्ही कोड गिटहबवर ठेवता. सोबत एक छोटी मजकुराची फाइल ठेवता आणि त्यात कामांचा क्रम लिहिता: ‘नवा टॅग लागला, की कोड घे, चाचण्या चालव, सगळ्या पास झाल्या तरच गाठोडं बांध, भांडारात पाठव.’ गिटहब अ‍ॅक्शन्स ही सेवा २०१९ पासून सगळ्यांसाठी खुली आहे. ती हे काम स्वतःच्या कॉम्प्युटरवर करते. तुमचा लॅपटॉप बंद असला तरी चालतं.

आपल्याच राज्यातलं उदाहरण बघा. मुंबईची फ्रॅपे ही कंपनी ‘ईआरपीनेक्स्ट’ नावाचं सॉफ्टवेअर बनवते. हिशेब, स्टॉक असा कंपनीचा कारभार सांभाळणारं हे सॉफ्टवेअर पूर्ण ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा कोड तुम्ही आत्ता, मोबाइलवरसुद्धा वाचू शकता. नुसता कोडच नाही, तर तो बाहेर कसा पाठवला जातो याचीही फाइल तिथेच उघडी आहे. या फाइलमध्ये दर आठवड्याचं वेळापत्रक लिहिलेलं आहे: मंगळवार, भारतीय वेळेनुसार दुपारी ३. त्या वेळेला मशीन आपोआप नव्या आवृत्तीचा प्रस्ताव तयार करतं. प्रस्ताव मान्य होऊन मुख्य शाखेत गेला, की पुढचं काम दुसरं एक टूल करतं.

हे टूल नंबर कसा ठरवतं? प्रोग्रॅमर प्रत्येक बदलासोबत एक ओळ लिहितात. ओळीची सुरुवात ‘फिक्स’नं झाली, तर ती दुरुस्ती, ‘फीट’नं झाली, तर नवीन सोय. टूल या ओळी वाचतं, नंबर वाढवतं, काय काय बदललं याची यादी तयार करतं. म्हणजे व्हर्जन नंबर मीटिंगमध्ये वाद घालून ठरत नाही, कामाच्या नोंदीतून निघतो.

वैराग-बार्शी किंवा वैराग-सोलापूर अप-डाऊन करणाऱ्यांना यातली खुबी लगेच कळेल. एसटी वेळेवर सुटते, त्या वेळी स्टँडवर जे असतील ते बसतात. ज्याचं आवरलं नाही, तो पुढच्या गाडीनं येतो. त्याच्यासाठी अख्खी गाडी थांबत नाही. ठरलेल्या दिवशी रिलीज असेल, तर ‘माझं एवढंच राहिलंय, थांबा ना’ हा प्रकार संपतो. अर्धवट काम घाईनं आत कोंबण्याचा मोहही संपतो, कारण पुढच्या मंगळवारी गाडी आहेच.

चावी कुणाकडे?

आतापर्यंत वाचून वाटेल, की हे सगळं आळशी लोकांसाठी आहे. खरा मुद्दा आता येतो.

भांडारात पॅकेज टाकायला तुमची ओळख पटावी लागते. त्यासाठी पूर्वीपासून वापरतात ते टोकन: अक्षरांची एक लांबलचक साखळी. ती ज्याच्याकडे, तो तुमच्या नावानं काहीही टाकू शकतो. आणि ही साखळी लोक कुठे ठेवतात? लॅपटॉपवरच्या साध्या फाइलमध्ये. कधी चुकून कोडमध्येच. कधी ‘तू टाक रे’ म्हणत मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर.

८ सप्टेंबर २०२५ ला काय झालं, बघा. ‘चॉक’ आणि ‘डीबग’ ही जावास्क्रिप्टची अतिशय लोकप्रिय पॅकेजेस. ती सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमरला एक मेल आला. दिसायला एनपीएमचाच. ‘तुमचं टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन अपडेट करा, नाहीतर अकाउंट लॉक होईल.’ ‘केवायसी अपडेट करा, नाहीतर खातं बंद’ या मेसेजचाच हा भाऊ! त्यानं क्लिक केलं. चोरांनी १८ पॅकेजेसमध्ये क्रिप्टो पळवणारा कोड घुसवला. या १८ पॅकेजेसचे मिळून आठवड्याला २०० कोटींहून जास्त डाउनलोड होत होते. सुदैवानं काही तासांतच ते लक्षात आलं आणि विषारी आवृत्त्या हटवल्या गेल्या.

पुढच्याच आठवड्यात आणखी भयंकर प्रकार घडला. ‘शाई-हुलूद’ या नावाचा व्हायरस एनपीएमवर पसरला. ‘ड्यून’ कादंबरीतल्या वाळवंटी महाकाय अळीचं हे नाव. हा व्हायरस एखाद्या प्रोग्रॅमरच्या मशीनवर शिरायचा, तिथली टोकन शोधायचा आणि त्या टोकननं त्याच प्रोग्रॅमरच्या इतर पॅकेजेसमध्ये स्वतःला घालून नव्या आवृत्त्या पब्लिश करायचा. म्हणजे पब्लिशिंगचं ऑटोमेशन चोरांनीही केलं! गिटहबला पाचशेहून जास्त बाधित पॅकेजेस हटवावी लागली.

दोन्ही घटनांच्या मुळाशी एकच गोष्ट होती: माणसाच्या हातात असलेली, चोरता येणारी चावी.

गेटपासची युक्ती

यावर उपाय म्हणून जी पद्धत आली, तिचं नाव ट्रस्टेड पब्लिशिंग. पायपीआयनं ती एप्रिल २०२३ मध्ये सुरू केली, एनपीएमनं जुलै २०२५ मध्ये.

मार्केट यार्डातून भरलेली गाडी बाहेर काढायला गेटपास लागतो. तो त्या गाडीपुरता, त्या खेपेपुरता असतो. उद्या तोच कागद दाखवून दुसरी गाडी काढता येत नाही. ट्रस्टेड पब्लिशिंग तसंच आहे. तुम्ही भांडाराला एकदाच सांगून ठेवता: ‘माझं पॅकेज फक्त या प्रोजेक्टमधल्या, या नावाच्या फाइलनं पाठवलं तरच घ्यायचं.’ पब्लिश करायची वेळ आली, की गिटहबचं मशीन स्वतःची ओळखचिठ्ठी दाखवतं. पायपीआय ती पडताळतं आणि १५ मिनिटांपुरतं टोकन देतं. काम झालं, टोकन मेलं. तुमच्या लॅपटॉपवर चावीच नाही, तर चोरणार काय?

दुसरा फायदा याहून मोठा. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या, लिनक्समध्ये जिकडे-तिकडे वापरल्या जाणाऱ्या टूलमध्ये चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला एका लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं दिसलं. त्यानं पिच्छा पुरवला आणि प्रकरण उघडकीला आलं. चोरदरवाजा सुरू करणारा महत्त्वाचा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हताच! तो होता फक्त हातानं बांधून अपलोड केलेल्या गाठोड्यात. दुकानाच्या काचेत एक माल आणि पिशवीत दुसराच.

गाठोडं उघड्या कोडमधून, सगळ्यांना दिसेल अशा मशीनवर बांधलं, तर ही फसवणूक अवघड होते. कुठल्या कोडपासून, कुठल्या मशीनवर, किती वाजता पॅकेज बनलं याचा सही-शिक्क्यासकट दाखलाही आता सोबत जोडता येतो. पायपीआयवर ही सोय नोव्हेंबर २०२४ पासून आहे.

मशीनही फसतं, बरं का!

‘मग सगळं मशीनवर सोपवू आणि झोपू’ असं म्हणत असाल, तर थांबा. हेल्मेट डिटेक्शन, नंबर प्लेट ओळखणं, पिकावरचा रोग शोधणं असे प्रोजेक्ट तुमच्या कॉलेजात कुणी ना कुणी केलेच असतील. त्यात ‘योलो’ मॉडेल वापरताना ‘अल्ट्रालिटिक्स’ हे पॅकेज लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या ८.३.४१ आणि ८.३.४२ या आवृत्त्यांमधून लोकांच्या कॉम्प्युटरवर क्रिप्टो मायनिंगचा प्रोग्रॅम गेला.

कसा? चोरानं त्यांच्या प्रोजेक्टला बदल सुचवल्याचं नाटक केलं आणि त्या बदलाच्या शाखेच्या नावातच कमांड लपवली. मशीननं नाव वाचताना ती कमांडही चालवली. सांगकाम्याच तो, सांगितलं ते केलं! तिथून चोर पब्लिशिंगच्या साखळीत शिरला. पण नोंदी असल्यामुळे तपास करणाऱ्यांना गडबड कुठे झाली ते शोधता आलं.

काही दिवसांतच आणखी दोन विषारी आवृत्त्या आल्या, ८.३.४५ आणि ८.३.४६. या वेळी मशीनमार्फत नाही, तर रद्द करायच्या राहून गेलेल्या एका जुन्या टोकनमधून. नवीन कुलूप बसवलं, पण जुनी किल्ली कुणी परत मागितलीच नाही.

म्हणून ऑटोमेशन म्हणजे माणूस हद्दपार, असं समजू नका. कंटाळवाणी आणि चुकायला सोपी कामं मशीनकडे जातात. काय बाहेर जाऊ द्यायचं, हा निर्णय तुमच्याकडे राहतो आणि राहायलाच हवा. गिटहबवर तशी सोयही आहे: सगळं तयार झाल्यावर मशीन थांबतं आणि ठरलेल्या माणसानं ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढे जात नाही.

वैरागात बसून?

हो, वैरागात बसून. ही गोष्ट मुद्दाम लिहावीशी वाटली, कारण ‘आपल्याकडे कुठे तसली इन्फ्रास्ट्रक्चर’ हे वाक्य आपण फार लवकर बोलतो. पायपीआयवर पॅकेज टाकायला पैसे लागत नाहीत. कोड सगळ्यांसाठी खुला असेल, तर गिटहबची नेहमीची मशीन्स फुकट वापरता येतात. भारी लॅपटॉप नको, कारण जड काम तिकडच्या मशीनवर होतं. तुम्ही फक्त काही केबींचा कोड पाठवता. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागतं. मधेच लाइट गेली, तरी तिकडचं काम चालूच राहतं.

आणि इंटरव्ह्यूचं म्हणाल, तर विकत घेतलेले रेडीमेड प्रोजेक्ट समोरचा माणूस दोन प्रश्नांत ओळखतो. उलट ‘हे माझं पॅकेज, ही त्याची सहा व्हर्जन्स, इथे चूक झाली होती, ती या तारखेला दुरुस्त केली’ असं दाखवलंत, तर बोलायला खरी गोष्ट असते. ती चौघांच्या प्रोजेक्टमधली तुमची नेमकी कामगिरीही दाखवते.

सुरुवात कशी कराल?

• विषय छोटा घ्या. अक्षरी रुपये, पायली-क्विंटलचं रूपांतर, मराठी महिन्यांची नावं. एकच काम, पण नीट.

• चाचण्या आधी लिहा. ‘९९ दिल्यावर नव्याण्णवच आलं पाहिजे’ ही सुद्धा चाचणीच. चाचणीच नसेल, तर मशीन तुमची चूक फक्त जास्त वेगानं जगाला पाठवेल.

• पहिला प्रयत्न ‘टेस्ट पायपीआय’वर करा. हे सरावासाठीचं वेगळं भांडार आहे. तिथे कितीही चुका, कुणाचं नुकसान नाही.

• अकाउंटला टू-फॅक्टर लावा. २०२४ च्या सुरुवातीपासून पायपीआयवर ते सक्तीचंच आहे. मोबाइल हरवला तर लागणारे रिकव्हरी कोड कागदावर लिहून घरात ठेवा.

• टोकनऐवजी ट्रस्टेड पब्लिशिंग वापरा. आधी टोकन काढलं असेल, तर ते आठवणीनं रद्द करा.

• लायसन्सची फाइल टाका. ती नसेल, तर तुमचा कोड इतरांनी कुठल्या अटींवर वापरायचा हे कुणालाच कळत नाही.

• कुणाचे मोबाइल नंबर, आधार नंबर, कॉलेजची हजेरी असला डेटा नमुना म्हणूनही आत टाकू नका. भांडारातून पुसलं, तरी कुणीतरी आधीच उतरवून घेतलेलं असतं.

• नाव आधी शोधून बघा. दुसऱ्याच्या प्रसिद्ध पॅकेजशी मिळतंजुळतं नाव घेऊ नका. चोर हीच युक्ती वापरतात आणि तुमच्यावरही तोच संशय येईल.

कदाचित तुमचं पॅकेज महिनाभरात दहाच जण उतरवतील आणि त्यातले चार तुमच्याच वर्गातले असतील. असू द्या. पाचवा कुणीतरी सांगलीत किंवा नागपुरात पावतीचा प्रोग्रॅम लिहीत बसलेला असेल आणि ९९ ला अडकलेला असेल. त्याला तुमचं नाव माहीत असायची गरज नाही. फक्त १.०.१ त्याच्यापर्यंत पोचलेलं असावं.